पाचक एन्झाइमच्या गोळ्या: आधी सांगा, कमी काय आहे?

माझ्यासमोर पाचक एन्झाइमची एक डबी आहे. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'बारा एन्झाइमची ताकद'. मागे बारीक टायपात बारा नावं: अमायलेज, प्रोटीएज, लायपेज, लॅक्टेज, सेल्युलेज, ब्रोमेलेन, पपेन वगैरे. आणि या सगळ्यांचा मिळून एकच आकडा, 200 मिलिग्रॅम. त्यात कोणतं किती, ते नाही. मुळात एन्झाइम मिलिग्रॅममध्ये मोजणं म्हणजे गवंड्यांना वजनकाट्यावर उभं करून आज भिंत किती चढेल ते सांगण्यासारखं आहे. एन्झाइमचं वजन पाहत नाहीत, काम पाहतात. ठरावीक वेळात ते किती माल तोडतं यावरून 'युनिट' ठरतात. त्या डबीवर युनिटचा पत्ताच नाही.

म्हणजे डबी फसवी आहे? तसंही सरसकट म्हणता येणार नाही. त्या बारांपैकी एखादं एखाद्याच्या खरंच कामाचं असेल. गोची अशी की 'एन्झाइमच्या गोळ्यांचा उपयोग होतो का' हा प्रश्न 'किल्लीने दार उघडतं का' असं विचारण्यासारखा आहे. कुठलं दार, कुठली किल्ली हे कळल्याशिवाय उत्तर देणार कसं?

पोटात नेमकं काय चालतं

शाळेच्या पुस्तकात यांना विकरं म्हणायचे. विकरं म्हणजे प्रथिनंच, पण कामाला जुंपलेली. अन्नातले मोठे रेणू आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाहीत, त्यांचे तुकडे करावे लागतात. ती तोडणी ही प्रथिनं करतात. करून बघायचं असेल तर पावाचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिट-दोन मिनिटं चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागायला लागतो. ही गोडी वरून घातलेल्या साखरेची नसते, लाळेतल्या अमायलेजने स्टार्चची साखळी तोडून ती तिथल्या तिथे तयार केलेली असते.

घास जठरात उतरला की आम्लामुळे हे अमायलेज थंडावतं. तिथे पाळी पेप्सिनची. ते प्रथिनं तोडतं आणि त्याला आम्लच लागतं. खरं कारखान्याचं काम मात्र पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला. स्वादुपिंडातून रोज साधारण दीड लिटर रस तिथे येतो. त्यातलं बायकार्बोनेट आधी आम्ल मारतं, मग अमायलेज स्टार्चवर, ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं प्रथिनांवर आणि लायपेज स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतात. शेवटचा हात आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम फिरवतात. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज त्यातलंच.

प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. स्टार्च तोडणारं अमायलेज दुधातल्या लॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे दूध पचत नसलेल्या माणसाने अमायलेजची गोळी घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी गोष्ट, ही सगळी एन्झाइम नाजूक असतात. ताज्या अननसाच्या फोडी घालून जिलेटिनची जेली केली तर ती घट्ट होत नाही, पातळच राहते. अननसातलं ब्रोमेलेन जिलेटिन तोडून टाकतं. डबाबंद अननस घातला की जेली मस्त जमते, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन मेलेलं असतं. एन्झाइमला उष्णता सोसत नाही, बहुतेकांना चुकीचं आम्लही सोसत नाही. तोंडावाटे घेतलेल्या कुठल्याही एन्झाइमपुढे पहिला प्रश्न हाच असतो: जठरातून धडपणे पार होणार का?

शरीर हात राखून नसतं

पाचक गोळ्यांच्या जाहिरातींत एक कल्पना वारंवार भेटते. जन्माला येताना एन्झाइमचा ठरावीक साठा मिळतो, वय वाढेल तसा तो संपत जातो, म्हणून बाहेरून भर घालायची. ऐकायला पटतं, पण आपल्या पेशी म्हणजे बँकेतली मुदत ठेव नव्हे. स्वादुपिंडाच्या पेशी ही प्रथिनं रोज नव्याने बनवतात, जेवणागणिक सोडतात आणि पुन्हा बनवतात. प्रथिनं तयार करण्याच्या वेगात शरीरातल्या फार थोड्या पेशी त्यांची बरोबरी करतात.

आणि बनवतात त्यासुद्धा सढळ हाताने. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास 1973 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयात त्याचा दाखला दिला जातो. लायपेजचं उत्पादन नेहमीच्या एक दशांशाच्याही खाली गेलं, तेव्हा कुठे रुग्णांच्या शौचातून न पचलेली चरबी पडायला लागली. म्हणजे कारखान्याचा बराच मोठा भाग बंद पडला तरी मालाचा तुटवडा जाणवत नाही. एरवी ठणठणीत असलेल्या माणसाला दोन घास जास्त झाले म्हणून पोट जड वाटतं, त्यामागे एन्झाइम कमी पडणं हे कारण सहसा नसतं. जठर ताणलेलं असतं, तेलकट जेवणामुळे ते उशिरा रिकामं होतं, कधी घाईने जेवताना हवा गिळलेली असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काही होत नाही, ते बाहेरच सांडतं.

जिथे गोळी म्हणजे औषध

आता याची दुसरी बाजू, आणि ती खरोखर मोठी आहे. काही लोकांचं स्वादुपिंड एन्झाइम बनवतच नाही किंवा बनवलेली आतड्यापर्यंत पोचत नाहीत. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात घट्ट स्रावामुळे स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात ग्रंथी हळूहळू जळून जाते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात किंवा त्याचा भाग काढल्यावरही हेच घडतं. अशा माणसाचं वजन भरपूर खाऊनही उतरतं. शौच फिकट, तेलकट, भयंकर दुर्गंधीची होते, भांड्याला चिकटते, पाणी टाकूनही जात नाही. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही वाया जातात.

यांना दिलं जातं पॅन्क्रियाटिन किंवा पॅन्क्रीलायपेज हे एन्झाइमचं मिश्रण, आणि त्याने काय होतं याबद्दल वाद नाही. वजन सावरतं, जेवणाची भीती जाते. हे डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, आणि ते घेणाऱ्याला माहीत असायला हवं. ज्यांना धर्मामुळे किंवा तत्त्वामुळे अडचण वाटते त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. परस्पर एखादी 'वनस्पतिजन्य' डबी आणून तीच बदली म्हणून सुरू करू नये, तिची ताकद तेवढी असेल असं गृहीत धरता येत नाही.

अशी कॅप्सूल उघडून पाहिली तर आत पावडर नसते, मोहरीपेक्षा लहान दाणे असतात. त्यांच्यावरचं आवरण ही सगळी करामत आहे. लायपेज 4 पीएचच्या खाली गेलं की कायमचं निकामी होतं आणि जठरातली आम्लता त्याहून कितीतरी तीव्र असते. म्हणून दाण्यांवर असं आवरण चढवतात की ते आम्लात टिकतं आणि आतड्यात पीएच साधारण 5.5 च्या वर गेला की विरघळतं. म्हणूनच हे दाणे चावायचे नाहीत. चावले तर आवरण फुटतं, एन्झाइम तोंडातच कामाला लागतं आणि तोंड सोलवटतं. कॅप्सूल गिळता येत नसेल तर दाणे सफरचंदाच्या गरासारख्या मऊ, आंबटसर पदार्थावर घालून लगेच गिळतात. दुधात घालत नाहीत, तिथे आवरण आधीच सुटू लागतं.

प्रौढांना सुरुवातीला मुख्य जेवणाबरोबर साधारण 40 ते 50 हजार लायपेज युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, असा हिशेब असतो. अन्नाबरोबरच घ्यायची. जेवण होऊन तासाभराने आठवण झाली तर उपयोग नाही, अन्न पुढे निघून गेलेलं असतं.

दुधाचं आणि कडधान्यांचं प्रकरण

जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टेज लहानपणानंतर कमी होत जातं. त्यामुळे हा 'आजार' आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मोठेपणीही दूध बिनबोभाट पचणं हाच अपवाद, आणि तो जनुकातल्या बदलामुळे काही समूहांना लाभला. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढून घेतं, तिथल्या जीवाणूंची चंगळ होते. मग पोट फुगतं, गुरगुरतं, पातळ होतं.

लॅक्टेजची गोळी इथे नेमकं तेच काम करते जे आतड्याचं अस्तर करत नाही. युरोपीय संघाने अन्नपूरकांवर छापायला परवानगी दिलेल्या मोजक्या आरोग्यदाव्यांत हा दावा आहे, अट अशी की लॅक्टोज असलेल्या प्रत्येक जेवणाबरोबर किमान 4,500 एफसीसी युनिट (ताकद मोजायचं एक ठरलेलं माप) जावीत. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. तासाभराने पुन्हा आइस्क्रीम खाल्लं तर आधीच्या गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. तसं पाहिलं तर बहुतेकांना गोळीचीही गरज पडत नाही. एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, जेवणाबरोबर घेतलं तर बऱ्याच जणांना चालून जातं. दह्यात जीवाणूंनी काही काम आधीच केलेलं असतं. लॅक्टोजमुक्त दूध म्हणजे तरी काय, आधीच लॅक्टेज घातलेलं दूध. लॅक्टोजचे तुकडे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झाल्यामुळे ते साध्या दुधापेक्षा गोड लागतं.

एक गल्लत मात्र महागात पडू शकते. दुधाची ॲलर्जी वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांची असते, साखरेची नाही. अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल तर लॅक्टेजच्या गोळीवर विसंबून दूध प्यायचं नाही.

कडधान्यांची गंमत न्यारी. त्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कुणाच्याच आतड्यात नसतं. म्हणजे इथे आपण सगळेच एका माळेचे मणी. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेलं हे एन्झाइम कडधान्यांच्या पहिल्या घासाबरोबर घेतलं तर गॅस कमी होतो, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. चाचण्या थोड्या, फरकही माफक. पण तर्क सरळ आहे, धोका कमी आहे, करून बघायला हरकत नाही. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे शरीराला गॅलॅक्टोज हाताळता न येण्याचा जन्मजात दोष, असलेल्यांनी मात्र घेऊ नये, कारण तुटलेल्या साखरेतून गॅलॅक्टोजच सुटतं.

साखर आणि स्टार्चचे तुकडे जन्मतःच न पचणाऱ्या मुलांसाठी सॅक्रोसिडेज नावाचं यीस्टपासूनचं औषध आहे. दुखणं दुर्मीळ, पण एन्झाइम नेमकं.

आणि बाकीच्यांसाठी?

पाचक गोळी ही आजची टूम नव्हे. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून त्यातून स्टार्च तोडणारं एन्झाइम काढलं आणि 1894 मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. 'टाका-डायास्टेज' या नावाने ते अपचनावरचं औषध म्हणून खपलं. आजच्या गोळ्या-सिरपांवर 'फंगल डायास्टेज' दिसलं की ते त्याच घराण्यातलं समजा.

इतकी वर्षं खपतंय म्हणजे काहीतरी असेलच की, असं वाटणं साहजिक आहे. पण अपचन आणि पोट फुगणं ही दुखणी लहरी असतात. आज आहेत, परवा नाहीत. तपासणीत दोष न सापडणाऱ्या पोटाच्या तक्रारींवर औषधाची चाचणी घेतात, तेव्हा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही तिघांत एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, बरं वाटतं. त्यामुळे गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोट हलकं झालं, हे बहुतेकदा कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशातलं असतं. मिश्र एन्झाइमच्या काही लहान, थोड्या आठवड्यांच्या चाचण्यांत खोट्या गोळीपेक्षा थोडा जास्त आराम दिसला आहे, हेही सांगायला हवं. पण प्रत्येक चाचणीत मिश्रण वेगळं, मात्रा वेगळी. एकीचा निकाल दुसऱ्या डबीला चिकटवता येत नाही.

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, त्याच्या बाबतीत मात्र मी जराही मऊ बोलणार नाही. सिलिॲक आजार (यात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) असलेल्यांना 'ग्लूटेन पचवणारी' गोळी घेऊन पाव खाता येईल असं सुचवणाऱ्या जाहिराती दिसतात. साधा हिशेब करा. पावाच्या एका चकतीत अंदाजे दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. सिलिॲकमध्ये रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेननेही आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे आतड्यात पोचण्याआधी, जठरातच, शंभरातले साडेसत्त्याण्णव भाग तुटायला हवेत, तेही प्रत्येक वेळी. बाजारातल्या कुठल्याही गोळीने सिलिॲक रुग्णांमध्ये हे करून दाखवलेलं नाही. ग्लूटेन टाळणं हाच तिथे उपचार आहे.

सेल्युलेजचं नाव तर जवळपास प्रत्येक डबीवर असतं, भाज्यांचे तंतू पचवायला म्हणे. ते तंतू न पचता पुढे जातात म्हणून तर पोट साफ होतं!

त्रास काय होऊ शकतो

सर्वसाधारण मात्रेत या गोळ्यांनी बहुतेकांना फारसं काही होत नाही. मळमळ, पोटात कळ, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. 'नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल' ही समजूत मात्र काढून टाकायला हवी.

1994 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या काही मुलांबद्दल लिहिलं. ती अतिशय तीव्र शक्तीच्या एन्झाइम कॅप्सूल घेत होती आणि त्यांचं मोठं आतडं जाड होऊन अरुंद झालं होतं. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर मर्यादा ठरली: एका जेवणाला शरीराच्या दर किलोमागे 2,500 लायपेज युनिट आणि दिवसाला 10,000 यांच्या वर जायचं नाही. आजार खरा, औषधही बरोबर, तरी मात्रेला लगाम लागतोच.

उलट टोकाची भानगडही झाली आहे. अमेरिकेत स्वादुपिंडाची एन्झाइम अनेक वर्षं रीतसर मंजुरीशिवाय विकली जात होती. उत्पादनागणिक ताकद वेगळी, एकाच उत्पादनाच्या दोन खेपांतही फरक. शेवटी 2004 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने सगळ्यांना मंजुरी घ्यायला लावली. हे औषधांचं झालं. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना तिथे 1994 च्या कायद्यानुसार बाजारात येण्याआधी परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही.

मधुमेहासाठी अकार्बोज किंवा मिग्लिटॉल घेणाऱ्यांनी विशेष जपावं. ही औषधं स्टार्च-साखर तोडणाऱ्या एन्झाइमना अडवतात आणि पाचक गोळी नेमकी तीच एन्झाइम बाहेरून ओतते. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर ब्रोमेलेन आणि पपईतल्या पपेनबद्दल आधी डॉक्टरांना सांगावं. पपई, अननस, लॅटेक्स किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी मागची बारीक अक्षरं वाचावीत. बुरशीच्या अमायलेजची पूड नाकात जाऊन बेकरीतल्या कामगारांना दमा होतो हे चांगलं माहीत झालेलं आहे, म्हणून कॅप्सूल फोडून पूड उडवू नये. काही मिश्रणांत एन्झाइमच्या जोडीला बीटेन हायड्रोक्लोराइड, म्हणजे चक्क आम्ल, घातलेलं असतं. जठरात व्रण असलेल्याला ते नको.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माणूस सहा महिने गोळ्या बदलत राहतो आणि मूळ दुखणं आत वाढत राहतं. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, काळी शौच, गिळताना अडकणं, कावीळ, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार, यातलं काहीही असेल तर डबी बाजूला ठेवून आधी तपासणी.

तसं काही नसेल आणि करूनच बघायचं असेल, तर एका वेळी एकच एन्झाइम, एकाच संशयित पदार्थासाठी. दोन आठवडे काय खाल्लं, कधी फुगलं ते लिहून ठेवा. मग गोळी बंद करून तोच पदार्थ पुन्हा खाऊन बघा. फरक पडत नसेल तर सोडून द्या. डबीवर मिलिग्रॅमऐवजी युनिट आहेत का, मुदत किती, कोरड्या थंड जागी ठेवायला सांगितलंय का, ते पाहा. उन्हात तापलेल्या मोटारीत आठवडाभर पडलेल्या डबीचं त्या डबाबंद अननसासारखं झालेलं असू शकतं.

स्वादुपिंडाचीच शंका असेल तर शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजतात. ग्रॅमला 200 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर संशय, 100 च्या खाली आलं तर बळकट संशय. शौच पाण्यासारखी पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून घट्टसर नमुना द्यावा. आधीपासून पॅन्क्रियाटिन सुरू असेल तरी या तपासणीसाठी ते थांबवावं लागत नाही. नेहमीची तपासणी फक्त माणसाचं इलास्टेज ओळखते, कॅप्सूलमधलं डुकराचं तिला दिसत नाही.